सामाईक फळा कोणाच्या मालकीचा?

शाळेतला फळा कोणाचा, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो शाळेचा असतो. शिक्षक बदलून गेले तरी फळा भिंतीवरच राहतो आणि तो विकणारा दुकानदार त्यावर काय लिहिले आहे हे पाहायला पुन्हा येत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र शिक्षकांच्या हाती एक नवा फळा आला आहे. तो इंटरनेटवर आहे. दहा गावांतले दहा शिक्षक त्यावर एकाच वेळी लिहू शकतात, पुसू शकतात, दुसऱ्याचे लिखाण सुधारू शकतात. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो वर्कप्लेस ही त्याची आपल्याकडे जास्त परिचयाची नावे. टपाल, लेखन, तक्ते, सादरीकरण, फाइलींची साठवण आणि दूरस्थ बैठक अशी सगळी साधने एका खात्याखाली देणारे हे संच आहेत.

या संचांची तुलना करणारे तक्ते पुष्कळ मिळतात. कोणत्या संचात किती जागा, दरमहा किती रुपये, बैठकीला एका वेळी किती माणसे, अशा रकान्यांत बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. हे तक्ते खोटे नसतात, पण दुकानात शिरताना जे दिसते तेवढेच त्यांत येते. शिक्षकांच्या गटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांत नसतो. तो असा : हा संच उद्या सोडावा लागला, तर आपले काम कितपत आपल्या हाती राहील? प्रस्तुत लेखात आपण हे तीन संच, आणि एक चौथी वाटही, या एका प्रश्नावर तपासून पाहणार आहोत.

निवड केली की आपोआप झाली?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांनी असा संच विचार करून निवडला, असे म्हणता येणार नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि हाताशी जे होते ते वापरले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने गूगलबरोबर भागीदारी जाहीर केली. राज्यातील सुमारे २ कोटी ३० लाख विद्यार्थी व शिक्षकांपर्यंत ही मोफत साधने पोचतील, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या दिवसांत ते आवश्यकच होते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण आपत्तीत स्वीकारलेली सोय आपत्ती संपल्यावर पुन्हा तपासून घ्यायची असते. ती तपासणी राहून गेली.

'मोफत' या शब्दाचा अर्थ काळाप्रमाणे कसा बदलतो ते पाहा. गूगलने २०१४ मध्ये शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण मोफत देऊ केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ती बंद करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून एका संस्थेतल्या सर्वांना मिळून १०० टेराबाईटची मर्यादा आली. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी तशीच १०० टेराबाईटची मर्यादा आणली. हा आकडा वर्गात गणितासाठी चांगला आहे. १०० टेराबाईट म्हणजे साधारण १,००,००० गीगाबाईट. हजार खाती असलेल्या शाळेत माणशी १०० गीगाबाईट येतात. त्या शाळेला मर्यादा जाणवणारही नाही. पन्नास हजार खाती असलेल्या विद्यापीठात मात्र माणशी अवघे २ गीगाबाईट येतात. अट एकच, पण एकाला ती दिसत नाही आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षांचे साठवलेले काम हलवावे लागते. कंपन्यांनी फसवले असे नाही. त्यांचा तसा अधिकार करारातच होता. तो करार आपण वाचला नव्हता, एवढेच.

गट म्हणजे कोण?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एखाद्या केंद्राचा विचार करू. केंद्र म्हणजे साधारण दहा शाळांचा समूह. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी कन्नड किंवा सोयगावसारख्या डोंगराळ तालुक्यात या शाळा एकमेकींपासून दूर असतात. पटनोंदणी, पगार, शाळेची सांख्यिकी यांसाठी सरल, शालार्थ, यू-डायस प्लस या शासकीय प्रणाली आहेत. त्यांत आपल्याला निवड नाही. निवड आहे ती मधल्या कामाची : घटक चाचणीचे प्रश्नसंच, वार्षिक नियोजन, शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, शिक्षण परिषदेची टिपणे. शिक्षकाचे खरे बौद्धिक काम यातच असते.

हे काम आज बहुधा कोणा एका उत्साही शिक्षकाच्या व्यक्तिगत गूगल खात्यात असते. ते स्वतःच्या खात्यात फाइल तयार करतात आणि दुवा व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकतात. काम चालते. पण फाइलची मालकी त्या एका खात्याची असते. व्यक्तिगत खात्यात टपाल, छायाचित्रे आणि फाइली यांना मिळून १५ गीगाबाईट मोफत मिळतात. ती जागा घरच्या लग्नाच्या छायाचित्रांनीही भरते. जिल्हा परिषद शिक्षकांची बदली होते, ते निवृत्त होतात, फोन बदलतात, संकेतशब्द विसरतात. डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसून टाकण्याचे धोरण अमलात आणले आहे. निवृत्त शिक्षकाचे खाते असे गेले, तर केंद्राने पाच वर्षे मिळून केलेला प्रश्नसंचही त्याच्याबरोबर जाईल. त्यात चूक कोणाचीच नसेल.

म्हणून संच कोणता, याच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. खाते संस्थेचे असले पाहिजे. गूगलमध्ये 'शेअर्ड ड्राइव्ह', मायक्रोसॉफ्टमध्ये 'टीम्स'मागची शेअरपॉइंटची जागा आणि झोहो वर्कड्राइव्हमध्ये 'टीम फोल्डर' अशी सोय असते. त्यात ठेवलेली फाइल गटाची असते. सदस्य गेला तरी ती राहते. याउलट 'माय ड्राइव्ह' किंवा 'वनड्राइव्ह' या जागा संस्थेच्या खात्यातही व्यक्तीच्याच असतात. सदस्याचे खाते काढून टाकल्यावर ते परत आणायला गूगलच्या नियमांप्रमाणे २० दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टमध्ये वनड्राइव्हवरच्या फाइली, मुदत वाढवून घेतली नसेल तर, ३० दिवस राहतात. तुलनेच्या तक्त्यांत या ओळी सहसा नसतात.

एकाच ओळीवर दोघे

फाइल आपल्या संगणकावर न राहता त्यांच्याकडे का राहते, हे समजण्यासाठी सामूहिक लेखन चालते कसे ते पाहायला हवे. कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे ५० किलोमीटर दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवले होते. अडचण होती ती दोघांनी एकाच क्षणी बदल केला तर काय, ही.

एक वाक्य घ्या : 'वेरूळ येथे लेणी आहेत.' चार शब्द, चार क्रमांक. कन्नडच्या शिक्षिका आज्ञा देतात, 'दुसऱ्या शब्दानंतर ३४ घाला.' त्याच क्षणी पैठणचे शिक्षक आज्ञा देतात, 'तिसरा शब्द बदलून गुंफा करा.' आता पहिली आज्ञा आधी अमलात आली, तर वाक्य 'वेरूळ येथे ३४ लेणी आहेत' असे होते आणि तिसरा शब्द '३४' बनतो. दुसरी आज्ञा जशीच्या तशी पाळली तर वाक्य होईल : 'वेरूळ येथे गुंफा लेणी आहेत.' आकडा गेला आणि वाक्यही बिघडले. दोघांपैकी कोणीही चुकीची आज्ञा दिली नव्हती.

यावरचा उपाय १९८९ मध्ये अमेरिकेतील क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी मांडला. दुसरी आज्ञा अमलात आणण्याआधी मधल्या काळात काय बदलले ते पाहायचे आणि तिचा क्रमांक त्याप्रमाणे सुधारायचा. एक शब्द आधी घुसला आहे, म्हणून 'तिसरा' याचा अर्थ आता 'चौथा'. मग वाक्य बरोबर येते : 'वेरूळ येथे ३४ गुंफा आहेत.' आज्ञांचे असे रूपांतर करण्याच्या या पद्धतीवर गूगल डॉक्स चालते.

वर्गात हा प्रयोग खडू-फळ्यावर करता येतो. दोन विद्यार्थी चिठ्ठ्यांवर आज्ञा लिहितात, तिसरा फळ्याजवळ उभा राहून त्या पाळतो. थोड्याच वेळात मुलांच्या लक्षात येते की, चिठ्ठ्यांचा क्रम ठरवणारा आणि क्रमांक सुधारणारा एक मध्यस्थ हवा. संगणकाच्या जगात हा मध्यस्थ म्हणजे कंपनीचा सर्व्हर. मूळ प्रत त्याच्याकडे असते. आपल्या पडद्यावर दिसते ती तिची छाया.

ज्याला 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात, तो असा अगदी जमिनीवर असतो. मायक्रोसॉफ्टचे एक माहिती केंद्र २०१५ पासून पुणे परिसरात आहे. झोहोची माहिती केंद्रे मुंबई व चेन्नई येथे आहेत. मध्यस्थ असलाच पाहिजे का? नाही. २०११ मध्ये फ्रान्समधील मार्क शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रचनांचा सिद्धांत मांडला, ज्यांत क्रम ठरवणारा कोणी नसला तरी सर्वांच्या प्रती अखेर सारख्याच होतात. तेव्हा मूळ प्रत कंपनीकडेच असणे ही विज्ञानाची अट नाही. ती एका पद्धतीची आणि एका व्यवसायाची सोय आहे. शिक्षकांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

तीन संच, एक कसोटी

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. गूगलचा संच शिकायला सर्वांत सोपा, साध्या फोनवर चालणारा, आणि मान्यता मिळालेल्या शिक्षणसंस्थांना मूळ आवृत्ती मोफत. सामूहिक लेखनात तो आजही सर्वांत सहज वाटतो. पण कसोटीवर त्याचा एक दोष ठळक दिसतो. गूगल डॉक्समधला लेख ही नेहमीच्या अर्थाने फाइल नसते. संगणकावर त्याच्या नावाची जी फाइल दिसते, तिच्यात लेख नसून लेखाचा पत्ता असतो. लेख हातात हवा तर तो दुसऱ्या स्वरूपात उतरवून घ्यावा लागतो. तशी सोय गूगलने दिली आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मजकूर चांगला उतरतो. कोणी, कधी, काय बदलले हा इतिहास मात्र त्या फाइलीबरोबर येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संचात वर्ड किंवा एक्सेलची फाइल ही खरीखुरी फाइल असते. ती पेनड्राइव्हवर घेता येते, वर्डशिवायही उघडता येते. कसोटीवर हा मोठा गुण. शाळांसाठीच्या मोफत आवृत्तीत मात्र ब्राउझरमध्ये चालणारीच साधने मिळतात. संगणकावर बसवायचे वर्ड त्यात येत नाही. इंटरनेट वारंवार तुटणाऱ्या गावात हा फरक मोठा आहे. गूगल डॉक्स इंटरनेटशिवाय चालू शकते, पण संगणकावर ती सोय आधी, इंटरनेट असतानाच, सुरू करून ठेवावी लागते.

झोहो ही १९९६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेली आणि आता चेन्नईत मुख्यालय असलेली कंपनी. तिचे रायटर हे साधन २००५ पासून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी स्वतः झोहो वापरत असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचा कार्यालयीन संच वापरण्यास सांगितले. त्यामुळे शाळांतही 'आता झोहोच घ्यावे' असे म्हटले जाऊ लागले. रायटर हे साधन उत्तम आहे, जाहिरातींचा त्रास नाही, आणि टपाल, लेखन, साठवण यांची जोड नीट बसवलेली आहे.

स्वदेशीच्या मुद्द्यात तथ्य आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार येथे तेल शुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची टपाल व बैठकीची सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकेची, आणि काम अडले भारतातले. एवढी मोठी कंपनी न्यायालयात जाऊ शकते; केंद्रशाळा जाऊ शकत नाही. पण स्वदेशी असण्याने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. झोहोच्या आज्ञावलीही बंदिस्त आहेत, मूळ प्रत त्यांच्याकडेही त्यांच्याच सर्व्हरवर असते, आणि दर किंवा मर्यादा बदलण्याचा अधिकार त्यांनाही आहे. बाहेर पडायची वाट किती रुंद, हा प्रश्न कंपनीचा पत्ता पाहून सुटत नाही.

कायद्याने तरी ती वाट ठेवली आहे का? मोबाईलच्या बाबतीत ठेवली. जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मात्र असा हक्क नाही. म्हणून ती तजवीज आपल्यालाच करावी लागते. तिचा एक भाग म्हणजे संस्थेचे स्वतःचे इंटरनेट नाव. त्याला वर्षाला काही शे ते हजारभर रुपये पडतात. त्या नावाने टपालाचे पत्ते घेतले की संच बदलला तरी पत्ते तेच राहतात. दुसरा भाग फाइलींच्या स्वरूपाचा. ओपन डॉक्युमेंट हे खुले स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि तीनही संच त्या स्वरूपात लेख उतरवून देतात.

अक्षर आणि गावाचे नाव

मराठी शिक्षकांच्या गटाला आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्या तक्त्यात कधीच येणार नाही. शाळांच्या जुन्या संगणकांवर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत टंकलिखित केलेले प्रश्नसंच पडून आहेत. कृतिदेवमध्ये 'क' काढायला इंग्रजी 'डी'ची कळ दाबावी लागते आणि संगणक साठवतोही ते इंग्रजी अक्षरच. फाँट त्याला फक्त 'क'चा पोशाख घालतो. अशी फाइल इंटरनेटवरच्या संचात चढवली की पोशाख गळून पडतो आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो कोणत्याही संचात 'क'च राहतो. स्थलांतराच्या आधी जुने लिखाण युनिकोडमध्ये आणणे हे कंटाळवाणे पण टाळता न येणारे काम आहे. ते एकदा केले की पुढचे प्रत्येक स्थलांतर सोपे होते.

आपल्या जिल्ह्यात याला नावाचीही जोड मिळाली आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. आता एका नावाने शोध घेतला तर दुसऱ्या नावाने ठेवलेल्या फाइली हाती लागतातच असे नाही. संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. शाळेचा यू-डायस क्रमांक मात्र ११ अंकी आणि स्थिर असतो. म्हणून फाइलच्या नावात गावाऐवजी यू-डायस क्रमांक, इयत्ता, विषय आणि वर्ष असावे. वाहनांवरचा 'एमएच २०' जसा नाव बदलूनही कायम राहिला, तसा.

मुलांची माहिती

आतापर्यंत आपण शिक्षकांच्या कामाबद्दल बोललो. मुलांची नावे, गुण, छायाचित्रे, जात, आजार, पालकांचे क्रमांक ही माहिती शिक्षकांच्या मालकीची नाही. ती आपल्याकडे विश्वासाने आलेली आहे. २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे, आणि मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिक्षणसंस्थांना अध्यापन व सुरक्षेपुरत्या काही सवलती आहेत, पण सवलत म्हणजे मोकळीक नव्हे.

डेन्मार्कमध्ये एका पालकाच्या तक्रारीतून सुरू झालेल्या चौकशीनंतर, जुलै २०२२ मध्ये हेलसिंगोर नगरपालिकेच्या शाळांना गूगलचा संच वापरणे थांबवण्यास सांगण्यात आले. संचात काही बिघाड झाला म्हणून नव्हे. मुलांच्या माहितीला कोणता धोका आहे याचा विचार नगरपालिकेने आधी पुरेसा केला नव्हता, म्हणून. पुढे ती बंदी स्थगित करून त्रुटी दूर करण्यास वेळ देण्यात आला. आपल्या केंद्राने यातून घ्यायचा नियम सोपा आहे. सामाईक जागेत प्रश्न, पाठ, नियोजन ठेवावे. मुलांची व्यक्तिगत माहिती शासकीय प्रणालीतच राहू द्यावी. तिची दुसरी प्रत सोयीखातर तयार करू नये.

चौथी वाट

तीन कंपन्यांच्या बाहेर एक वाट आहे. लिब्रेऑफिस हा मोफत, मुक्त संच इंटरनेटशिवाय चालतो. नेक्स्टक्लाउड ही मुक्त आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर बसवली, तर सामूहिक साठवण आणि लेखन दोन्ही मिळतात. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपला कारभार याच साधनांकडे नेण्याचे ठरवले. आपल्याकडे केरळने २००१ मध्ये शालेय संगणकशिक्षणाचा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त आज्ञावलींवर आणल्या.

पण या वाटेची किंमत लपवू नये. सर्व्हरला वीज, जागा, नियमित प्रती आणि सुरक्षेची दुरुस्ती लागते. त्याला रोज पाहणारा माणूस लागतो. हे काम एखाद्या मुख्याध्यापकावर टाकणे अन्यायाचे होईल. शाळेने स्वतःचा सर्व्हर चालवावा, असे जे उत्साहाने सांगितले जाते ते मला पटत नाही. जिल्ह्याने चालवावा, हे मात्र पटते. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नायलिटचे केंद्र आहे. जिल्हा परिषद किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने ठरवले, तर लागणारी माणसे गावातच आहेत. लागतो तो निर्णय, आणि दर वर्षीची अंदाजपत्रकातली एक ओळ.

मग घ्यावे काय?

आजच निर्णय घ्यायचा असेल, तर केंद्राच्या गटासाठी गूगलची शिक्षणसंस्थांची आवृत्ती सर्वांत व्यवहार्य ठरेल, असे माझे मत आहे. मात्र ती संस्थेच्या नावावर हवी, व्यवस्थापनाचे अधिकार किमान दोघांकडे हवेत, आणि सर्व काम शेअर्ड ड्राइव्हमध्ये हवे. मान्यतेची किंवा इंटरनेट नावाची सोय झाली नाही, तर व्यक्तिगत खात्यांवर मोठे काम उभारू नये. त्यापेक्षा प्रत्येक शाळेत लिब्रेऑफिस बसवून महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेत फाइलींची देवाणघेवाण केलेली बरी. झोहो ज्यांना आवडेल त्यांनी अवश्य घ्यावे, पण 'देशी आहे' एवढ्यावर तपासणी थांबवू नये.

संच कोणताही असो, वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, एक तालीम करावी. सारे काम खुल्या स्वरूपात उतरवून घ्यावे, शाळेच्या संगणकावर ठेवावे, इंटरनेट बंद करावे आणि त्यांतल्या कोणत्याही पाच फाइली उघडून पाहाव्यात. जोडाक्षरे नीट दिसतात का? तक्त्यातली सूत्रे चालतात का? चित्रे जागेवर आहेत का? संच सुरू करण्याच्या पहिल्या आठवड्यात, फक्त दहा फाइली असतानाच, ही तालीम करून पाहिली तर आणखी चांगले. ज्या संचात ती जमत नाही, तो कितीही सोयीचा असला तरी बाजूला ठेवावा. दहा फाइली बाहेर काढता येत नसतील, तर पाच वर्षांनी दहा हजार काढता येणार नाहीत.

आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव आपण शाळांत करतो. इमारतीला आग लागेलच असे कोणी म्हणत नाही. दरवाजा उघडतो का, एवढेच त्यातून पाहायचे असते. आपल्या सामाईक कामासाठीही तसा सराव पुढच्या शिक्षण परिषदेत विषय म्हणून ठेवता येईल. त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागणार नाही.